कलेचा धीर आणि समाजाचा मान

(देवस्थानच्या वार्षिक उत्सवातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



ह्या व्याख्यानमालेत दोन शब्द बोलावे अशी समितीची आज्ञा झाली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. माझे उभे आयुष्य सरकारी कचेरीत अर्ज नोंदविण्यात व फाईली लावण्यात गेले. वक्ता म्हणून माझी ख्याती नाही, आणि नट म्हणून तर मुळीच नाही. जत्रेच्या नाटकांशी माझा संबंध आला तो प्रॉम्प्टर म्हणून. वीस-बावीस वर्षे विंगेत उभे राहून, हातात वही धरून, मी नटांना विसरलेले शब्द पुरविले. नाटक ठरले की प्रत्येकाची नक्कल सुवाच्य अक्षरात उतरून देणे हेही माझ्याकडेच असे. कारकुनाचे अक्षर तेवढ्यापुरते देवाच्या कामी आले. विंगेतून प्रेक्षक दिसत नाहीत, पण नट फार जवळून दिसतो. पहिला शब्द फुटण्यापूर्वी त्याच्या पायांना सुटलेला कंप दिसतो, आणि शब्द फुटल्यावर तेच पाय जमिनीवर घट्ट रोवलेले दिसतात. आज मला जे सांगावयाचे आहे ते ह्या जागेवरून पाहिलेले आहे. परिस्थितीने मागे राहिलेल्या मुलामुलींच्या अंगी कलेच्या योगाने आत्मविश्वास कसा येतो, आणि तो टिकावा म्हणून आपण महाजनांनी काय केले पाहिजे, हा माझा विषय आहे.

प्रथम माझाच अनुभव सांगतो. गावच्या मराठी शाळेतून मी लिसेंवात गेलो, आणि पोर्तुगीज भाषेत उभे राहून उत्तर देण्याची पाळी आली की माझी जीभ टाळूला चिकटे. उत्तर ठाऊक असे. पण आपल्या उच्चारांना कोणी हसेल ह्या धास्तीने मी गप्प बसे. गप्प बसणाऱ्याला मंदबुद्धी समजण्यास जगाला फार वेळ लागत नाही, आणि काही दिवसांनी त्याला स्वतःलाही तसेच वाटू लागते. एकदा कामोंइश ह्या महाकवीच्या काव्यातील काही कडवी पाठ म्हणून दाखविण्याचे काम मजकडे आले. दोन आठवडे मी ती घोकली. म्हणावयास उभा राहिलो तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानी आली. शब्द माझे नव्हते, त्यामुळे मला त्यांची लाज वाटण्याचे कारण नव्हते. आवाज मात्र माझाच होता, आणि तो समोरच्या भिंतीपर्यंत पोचत होता. त्या दिवसापासून मी वाक्पटू झालो असे नव्हे. पण आपल्याला आवाज आहे एवढे मला कळले. दुसऱ्याचे शब्द, दुसऱ्याची चाल, दुसऱ्याचा वेष उसना घ्यावा आणि त्याच्या आडोशाने स्वतःला हुडकावे, हे नाट्याचे आणि गायनाचे सामर्थ्य मला तेव्हा प्रथम उमगले.

परंतु माझी अडचण ती केवढी! घरी दोन वेळचा भात होता, अंगावर धड कपडा होता, आणि वडिलांचे नाव महाजनांच्या नोंदवहीत होते. ज्याच्या घराखालची जमीनसुद्धा परक्याची, त्याच्या मुलाची कथा निराळी. आपल्या गोमंतकात १९६४ साली कूळकायदा झाला आणि १९७५ साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा झाला. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या भाटात खोप घालून राहिलेल्या माणसाला आपल्या घरावर हक्क सांगता येऊ लागला. ही फार मोठी गोष्ट झाली. तथापि हक्क कागदावर मिळणे आणि तो तोंडाने मागता येणे ह्यांत अंतर आहे. ते अंतर मी माझ्या मेजापलीकडे रोज पाहत असे. अर्ज घेऊन आलेला मनुष्य दारातच घोटाळे. बसा म्हटले तरी बसत नसे. स्वतःच्या घराविषयी स्वतः बोलण्याऐवजी बरोबर आणलेल्या कोणा शहाण्यासुरत्याच्या तोंडाकडे पाही. कायदा जमीन देऊ शकतो. मान वर करून बोलण्याची सवय कायद्याने लागत नाही.

आता जी हकीकत सांगणार आहे ती मला भूषणावह नाही. पण देवासमोर आणि आपणांसमोर ती सांगितल्यावाचून ह्या विषयावर बोलण्याचा अधिकार मला पोचत नाही.

आमच्या शेजारच्या भाटातील एका मुंडकाराचा मुलगा आमच्या तालमींना येत असे. वय चौदा-पंधरा. शाळा सुटलेली. त्याचे काम पेट्रोमॅक्सला हवा भरण्याचे, पाणी आणून देण्याचे आणि पडदा ओढण्याचे. दीड महिना तो रात्री बारा-एकपर्यंत खांबाशी बसून राही. त्याच्याशी कोणी बोलत नसे, म्हणून तोही कोणाशी बोलत नसे. एके रात्री तालीम संपल्यावर वही विसरली म्हणून मी परत आलो, तो मंडपात कोणी मोठ्या आवाजात बोलत होते. ते त्या ऐतिहासिक नाटकातील सरदाराचे लांबलचक भाषण होते. आमच्या मुख्य नटाला जेथे दर वेळी माझी मदत लागे, तेथे हा मुलगा न अडखळता पुढे जात होता. उच्चार थोडे गावठी होते. पण त्या आवाजात असा भार होता की, मी दीपमाळेच्या आडच उभा राहिलो. पुढे झालो असतो तर तो गप्प झाला असता.

जत्रेच्या आदल्या दिवशी मुख्य नटाला ताप भरला. कोणाला उभे करावे ह्याची खल सुरू झाली. ती नक्कल ज्याला मुखोद्गत होती तो मुलगा दहा हातांवर कंदिलाची काच पुसत बसला होता. मी भीत भीत त्याचे नाव सुचविले. क्षणभर कोणी बोलले नाही. मग एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले की, उद्या प्रेक्षकांत ज्याच्या भाटात हा राहतो ते बसणार, आणि त्यांच्यासमोर हा सरदार होऊन हुकूम सोडणार काय? काही मंडळी हसली. मी त्यावर काही बोललो नाही. दुसऱ्या रात्री दुसऱ्या एका गृहस्थांनी वेष चढविला, आणि अर्धे नाटक मीच विंगेतून म्हटले. मुलाने नेहमीसारखा पडदा ओढला. तो सारे ऐकत होता हे मला ठाऊक होते. पुढच्या वर्षापासून तो तालमींना आला नाही.

अनेक वर्षांनी तो माझ्या मेजासमोर उभा राहिला. डोक्याचे केस पिकू लागले होते. राहत्या घराच्या नोंदणीचा अर्ज त्याच्या हातात होता, आणि एक कागद कमी होता. मी विचारले, तर उत्तर येईना. तो खाली पाहत राहिला. ज्या आवाजाने एके रात्री सारा सभामंडप भरला होता तो आवाज ह्या माणसाच्या गळ्यात कोठेतरी होता. पण त्याचे दार आम्ही लावून घेतले होते. मी त्याला बसावयास खुर्ची दिली आणि कमी असलेला कागद कोठून आणावयाचा ते लिहून दिले. त्याने मला ओळखले होते की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

बंधुभगिनींनो, कला आत्मविश्वास देते असे आपण सहज म्हणतो. ती तो कशी देते, हे विंगेतून पाहिल्यावर मला असे वाटते. पहिली गोष्ट तालमीची. शाळेत चूक झाली की गुण जातो. तालमीत चूक झाली की तोच प्रवेश पुन्हा करावयाचा, इतकेच. चुकणे ही लाज नसून कामाचाच एक भाग आहे हे मुलाला प्रथम येथे समजते. दुसरी गोष्ट अशी की, नाटकात किंवा भजनात कोणी अनावश्यक नसतो. घुमट वाजविणारा एक मात्रा चुकला तर सगळी आरती विस्कटते. एकाच वाक्याचा द्वारपाल वेळेवर आला नाही तर राजालाही ताटकळत उभे राहावे लागते. आपल्यावाचून काही अडते, ही जाणीव ज्या घरात दारिद्र्य आहे तेथे मुलाला क्वचितच मिळते. तेथे त्याला बहुधा आपण एक ओझे आहोत असेच वाटत आलेले असते. तिसरी गोष्ट म्हणजे कलेचे मोजमाप खरे असते. सूर लागला की नाही हे पेटीला विचारता येते. दया म्हणून कोणी बेसुराला सुरेल म्हणू शकत नाही. म्हणूनच मिळालेली शाबासकी मुलाला खरी वाटते. कौतुकाच्या भिकेने कोणाचा आत्मविश्वास वाढत नाही.

परंतु ह्यावर कोणी विचारील की, कलेत एवढे सामर्थ्य आहे, तर ज्यांच्या हाती शतकानुशतके कला होती त्या आपल्याच देवळांच्या परिसरातील कलावंत समाजाला मान वर करण्यासाठी विसावे शतक का उजाडावे लागले? हा प्रश्न आपण महाजनांनी टाळता कामा नये. उत्सवात, पालखीपुढे, सभामंडपात ज्यांनी गायनाची आणि नृत्याची सेवा केली, त्यांच्या कलेवर आपले सारे देवालय-वैभव उभे होते. कला त्यांची, आनंद आपला, आणि उपेक्षा पुन्हा त्यांचीच, असा तो व्यवहार होता. गळ्यात गंधर्वाचा सूर असूनही मुलाला बापाचे नाव लावता येत नव्हते. राजाराम रंगाजी पैंगीणकर ह्यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘मी कोण?’ असे नाव दिले. ते १९६९ साली प्रसिद्ध झाले. त्या दोन शब्दांत ही सारी व्यथा आली आहे. पैंगीणकरांसारख्या सुधारकांनी आपल्या समाजातील मुलींना त्या प्रथेतून सोडविण्यासाठी आणि मुलांना शिक्षण देण्यासाठी आयुष्य वेचले. गोमंतक मराठा समाज म्हणून ती मंडळी संघटित झाली, तेव्हा कलेला जोडून मानही आला.

आणि मान येताच काय घडले पाहा. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर ह्या दोघी अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. मोगूबाईंचा जन्म १९०४ सालचा. लहानपणीच आईचे छत्र गेले. ही पोरकी मुलगी नाटकमंडळीत काम करून पोट भरत होती. पुढे सांगलीस खाँसाहेबांनी तिचे गाणे ऐकले व तिला शिकविले. १९७४ साली तिला पद्मभूषण हा किताब मिळाला. तिचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तेथील विखुरलेले गावकरी श्रीसोमेश्वराच्या उत्सवाला त्याच जागी जमतात. गाव बुडाला तरी त्या गावाचे नाव त्या बाईंनी बुडू दिले नाही. केसरबाईंना तोच किताब १९६९ साली मिळाला होता. १९७७ साली अमेरिकेने अंतराळात सोडलेल्या व्हॉयजर यानांवर पृथ्वीवरील संगीताची जी तबकडी ठेवली, तीत भारताच्या वतीने केसरबाईंचा आवाज आहे. फोंड्याच्या केरी गावातील एका मुलीचा आवाज सूर्यमालेच्या पार गेला! ह्या थोर स्त्रियांच्या यशाचे श्रेय त्यांच्या तपश्चर्येला आहे, आपल्याला नाही. आपण त्यातून एवढेच शिकावे की, ज्या कलेला समाज मान देत नाही ती कला माणसाचा गळा तयार करते, पण मान ताठ करू शकत नाही. धीर कला देईल. मान समाजाने दिला पाहिजे. दोन्ही मिळून आत्मविश्वास होतो.

मान देण्याची रीत आपल्या परंपरेत नाही असे मात्र नाही. वास्कोचा श्रीदामोदराचा भजनी सप्ताह घ्या. गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर, साथीच्या काळात तो सुरू झाला. त्यात नाभिक, बाजारकर, गाडेकार अशा निरनिराळ्या वर्गांचे ‘पार’ निघतात. प्रत्येक पार त्या त्या वर्गाचा. गायक त्यांनी आणावयाचे, खर्च त्यांनी करावयाचा, व्यवस्था त्यांनी पाहावयाची. गाडा ओढणारा मनुष्य तेथे पाहुणा म्हणून येत नाही, यजमान म्हणून येतो. उत्सवात वाटा असणे आणि उत्सवाला हजर असणे ह्यांतील भेद जाणण्यास ह्याहून चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

निवृत्त झाल्यावर माझे मन मला स्वस्थ बसू देईना. देवस्थानच्या अग्रशाळेत सर्व वाड्यांवरील मुलांचे एक नाटुकले बसवावे असे मी महाजनांच्या सभेत मांडले. चर्चा दोन सभा चालली. कोणी म्हणाले, अग्रशाळा घाण होईल. कोणी म्हणाले, मुले अभ्यास सोडतील. ह्या वेळी मात्र मी गप्प बसलो नाही. चौदा वर्षांच्या त्या मुलाची हकीकत मी तेथे प्रथमच सांगितली. ज्या गृहस्थांनी पूर्वी तो प्रश्न केला होता ते हयात नव्हते. त्यांच्या चिरंजिवांनीच उठून माझ्या सूचनेस अनुमोदन दिले, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो.

तालमीला एकोणीस मुले आली. त्यांत एक मुलगी होती. नाव विचारले तर ओठ हलत, आवाज येत नसे. ती त्याच मुलाची मुलगी आहे हे मला आठ दिवसांनी कळले. तिला चार वाक्यांचे काम दिले. प्रयोगाच्या रात्री तिसऱ्या वाक्यावर ती थांबली. माझ्या हातात वही होती, शब्द माझ्या ओठांवर होता. वीस-बावीस वर्षांची सवय सोडून मी तो उच्चारला नाही. मंडप शांत झाला. तिने एकदा विंगेकडे पाहिले, मी मान हलविली, आणि मग तिने ते वाक्य स्वतःच काढले. वहीतले नव्हे, त्याच अर्थाचे, आपल्या शब्दांतले. मागच्या रांगेत तिचा बाप उभा होता. बसावयास जागा होती, तरी तो उभाच होता.

पुढे ती शाळेत पुढे गेली. बापाच्या अर्जाची दाद लागली नव्हती. तेव्हा ती त्याला घेऊन कचेरीत गेली आणि प्रकरण कोठे अडले आहे ते विचारून आली, असे मला माझ्या जुन्या सहकाऱ्यांकडून समजले. ह्याचे सारे श्रेय चार वाक्यांच्या नाटकाला देण्याचा मोह मी आवरतो. तिच्या शिक्षिकांचा आणि तिच्या आईच्या कष्टांचा त्यात मोठा वाटा आहे. पण ज्या मेजासमोर बाप खाली पाहत उभा राहिला, तेथे मुलगी समोर पाहून बोलली, एवढे खरे.

आता शेवटी समितीपुढे चार नम्र सूचना ठेवतो. पहिली अशी की, अग्रशाळेतील एक खोली आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांच्या तालमीसाठी कायम मोकळी असावी. दर वेळी कोणाला परवानगी मागावी लागू नये. परवानगी मागण्याची धास्ती हीच अर्धी अडचण आहे. दुसरी, घुमट, शामेळ, पखवाज आणि पेटी शिकविण्यासाठी जाणत्या वादकांना योग्य मानधन देऊन बोलवावे. आपल्या वाड्यांवरील कित्येक वयस्क घुमटवादक आज मोलमजुरी करतात. त्यांना गुरूच्या आसनावर बसलेले त्यांच्या मुलांनी पाहिले, तर मुलांना वेगळे काही शिकवावे लागणार नाही. तिसरी, मुलांना केवळ वेष घालून उभे करू नये. जमाखर्च लिहिणे, मंडपाची मांडणी, निमंत्रणे वाटणे ही कामेही त्यांच्यावर सोपवावी, आणि चुकली तर पुन्हा सोपवावी.

चौथी सूचना कारकुनाची आहे. १९३३ सालच्या नियमावलीप्रमाणे आपणा महाजनांची नावे नोंदवहीत लिहिलेली असतात. ज्याचे नाव लिहिलेले असते त्याला आपण कोणी आहोत असे वाटते, हे आपण अनुभवाने जाणतो. तेव्हा जत्रेच्या हस्तपत्रिकेवर आणि अशा स्मरणिकेत देणगीदारांच्या नावांबरोबरच पडदा ओढणाऱ्या, दिवा धरणाऱ्या आणि घुमट वाजविणाऱ्या प्रत्येक मुलाचे पूर्ण नाव, आईबापांच्या नावांसह, छापले जावे. शाई थोडी जास्त लागेल. पण ती नावे वाड्यावरच्या कित्येक घरांत देवाच्या तसबिरीशेजारी जपून ठेवली जातील.

माझ्या हातून एकदा जे राहून गेले ते भरून काढण्याची शक्ती माझ्यात नाही. तो सरदार रंगमंचावर कधी आलाच नाही. पण आज मंडपाच्या खांबांशी बसलेल्या मुलांत असे आणखी कोणी असेल, तर त्याला नाव घेऊन पुढे बोलवावे, एवढे आपल्या हातात आहे. ती सद्बुद्धी श्रींनी आपणा सर्वांना द्यावी अशी प्रार्थना करतो.